चाचणी वैमानिक राकेश शर्मा

राकेश शर्मा हे नाव घेतले की बहुतेकांना एक प्रश्न आणि एक उत्तर आठवते. एप्रिल १९८४ मध्ये पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘सॅल्यूत ७’ या सोव्हिएत अंतराळस्थानकातील या भारतीय वैमानिकाशी पंतप्रधान इंदिरा गांधी दूरचित्रवाणीवरून बोलल्या. वरून भारत कसा दिसतो, असे त्यांनी विचारले. इक्बाल यांच्या ‘तराना-ए-हिंदी’ची सुरुवात ज्या शब्दांनी होते, तेच शब्द शर्मांनी उत्तरादाखल उच्चारले. लहानपणी शाळेत राष्ट्रगीतानंतर हे गीत रोज म्हटले जाई, त्यामुळे ते चटकन ओठांवर आले, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले. साऱ्या देशाला ते उत्तर भावले आणि आजही ते विसरले गेलेले नाही.

उत्तर सुंदर होते. मात्र ते शर्मांच्या व्यवसायाच्या भाषेतले नव्हते. त्यांचा व्यवसाय चाचणी वैमानिकाचा. या व्यवसायात ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘बरे वाटले’ अशा शब्दांना फारशी किंमत नसते. तेथे विमान कोणत्या उंचीवर, किती वेगाने जात असताना, नेमके काय झाले, हे सांगावे लागते. शर्मा अंतराळात ७ दिवस, २१ तास आणि ४० मिनिटे होते. विमाने उडवण्याचे काम मात्र त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केले. त्या दीर्घ काळाची ओळख करून घेतल्याखेरीज त्या आठ दिवसांचा अर्थ नीट लागत नाही.

शर्मांचा जन्म १३ जानेवारी १९४९ रोजी पंजाबातील पतियाळा येथे झाला. शिक्षण हैदराबादला झाले. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा शर्मा बारा वर्षांचे होते. १९६६ मध्ये ते पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि १९७० मध्ये भारतीय हवाई दलाचे वैमानिक झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध झाले. तेविसावे वर्षही पूर्ण न झालेल्या या तरुणाने त्या युद्धात ‘मिग-२१’ विमानातून २१ मोहिमा पार पाडल्या.

‘मिग-२१’ हे विमान शिकणाऱ्याला सवलत देणारे नव्हते. त्याचे पंख लहान आणि त्रिकोणी. ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने जाण्यासाठी अशी रचना सोयीची असते. परंतु वेग कमी झाला की तेच पंख विमानाला पुरेसा आधार देऊ शकत नाहीत. त्यामुळे उतरतानाही हे विमान ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावपट्टीवर आणावे लागे. अशा वेळी वैमानिकाच्या हाताला विमानाची प्रत्येक लकब कळावी लागते. गवयाला तंबोऱ्याची तार किंचित उतरलेली जाणवते, तशीच ही जाण असते. काही वैमानिकांमध्ये ती विशेष तीव्र असते आणि त्यातल्या काहींना, जे जाणवले ते शब्दांत मांडण्याचीही हातोटी असते. चाचणी वैमानिक होण्यासाठी या दोन्ही गोष्टी लागतात.

चाचणी वैमानिक म्हणजे जिवावर उदार होऊन आकाशात कसरती करणारा माणूस, अशी एक समजूत आहे. चित्रपटांनी ती पक्की केली आहे. प्रत्यक्षात या माणसाचा बराचसा वेळ मेजापाशी जातो. उड्डाणापूर्वी तो अभियंत्यांबरोबर बसून कोणती चाचणी, कोणत्या क्रमाने करायची हे ठरवतो. उड्डाणात ठरल्याप्रमाणेच, एकेक पायरी चढत, विमानाला त्याच्या मर्यादेकडे नेतो. उतरल्यावर अहवाल लिहितो. ठरलेल्या क्रमाबाहेर जाऊन केलेले धाडस या व्यवसायात गुण मानले जात नाही.

मर्यादेकडे नेणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेला एका लहानशा कोनात तोंड देत असतो. विमानाचे नाक वर उचलत गेले की हा कोन वाढतो आणि पंखाला मिळणारी उचलही वाढते. परंतु एका ठरावीक कोनानंतर पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला लगटून वाहणारी हवा त्यापासून सुटते आणि उचल एकाएकी ढासळते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. एका पंखाची उचल दुसऱ्यापेक्षा आधी किंवा अधिक ढासळली, तर विमान स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागते. ही अवस्था कोणत्या वेगाला येते, येण्यापूर्वी विमान काही पूर्वसूचना देते का, दांड्याला थरथर जाणवते का, गिरकीतून सुटण्यासाठी नेमके काय करावे लागते आणि तोपर्यंत किती उंची गमावली जाते, हे सारे कोणीतरी आधी प्रत्यक्ष करून पाहावे लागते. तेव्हा कोठे विमानाच्या पुस्तिकेत दोन ओळी छापल्या जातात. त्या दोन ओळींवर विसंबून पुढे शेकडो तरुण वैमानिक ते विमान उडवतात.

येथे एक अडचण आहे आणि ती मोठी मनोवेधक आहे. निष्णात वैमानिक विमानातले दोष नकळत झाकून टाकतो. विमान डावीकडे ओढत असेल, तर त्याचा हात आपोआप उजवीकडे किंचित दाब देतो. काही मिनिटांत त्याला त्याची इतकी सवय होते की विमान सरळ जात आहे, असेच त्याला वाटू लागते. चाचणी वैमानिकाला ही सवय मोडावी लागते. विमानाकडे लक्ष देता देता त्याला स्वतःच्या हातापायांकडेही परक्यासारखे पाहावे लागते : सरळ जाण्यासाठी मला किती कष्ट पडत आहेत?

हे कष्ट मोजण्यासाठी जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर या दोघा अमेरिकनांनी १९६९ मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. वैमानिकाला एकापाठोपाठ एक साधे प्रश्न विचारले जातात. विमान ताब्यात राहते का? झेपेल एवढ्या कष्टात काम पुरेसे साधते का? काही सुधारणा न करता ते समाधानकारक आहे का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशीच द्यायची. त्यावरून वैमानिक विमानाला एक ते दहा यांपैकी एक अंक देतो. एक म्हणजे उत्कृष्ट. दहा म्हणजे ताबा सुटणे. ‘विमान जरा अवघड वाटले’ या वाक्यावरून अभियंत्याला काहीच करता येत नाही. परंतु अमुक वेगाला, अमुक काम करताना सात अंक दिला, असे सांगितले की कोठे हात घालायचा ते त्याला कळते. अनुभवाचे असे भाषांतर करणे, हेच चाचणी वैमानिकाचे खरे काम आहे, असे म्हणायला हरकत नाही.

अंतराळयुगाच्या आरंभी याच गुणामुळे चाचणी वैमानिकांकडे लक्ष गेले. अमेरिकेने १९५९ मध्ये आपले पहिले सात अंतराळवीर निवडले, ते सर्व लष्करी चाचणी वैमानिक होते. सोव्हिएत संघाने मात्र १९६० मध्ये पहिल्या तुकडीसाठी प्रामुख्याने तरुण लढाऊ वैमानिक घेतले. गागारिन हे चाचणी वैमानिक नव्हते. त्यांच्या ‘व्होस्तोक’ यानाची बहुतेक कामे स्वयंचलित होती आणि प्रवाशाने प्रकृतीने ठणठणीत असावे, एवढीच मुख्य अपेक्षा होती. पुढे याने गुंतागुंतीची झाली, तशी सोव्हिएत संघातही अनुभवी वैमानिकांची आणि अभियंत्यांची गरज वाढत गेली.

सोव्हिएत संघाने मित्रदेशांच्या नागरिकांना अंतराळात नेण्याची ‘इंटरकॉसमॉस’ योजना आखली होती. १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमिर रेमेक तिच्यातून सर्वांत आधी गेले. भारताला असे निमंत्रण मिळाले, तेव्हा हवाई दलाच्या वैमानिकांतून निवड सुरू झाली. बेंगळुरू येथे शर्मांना कृत्रिम प्रकाशाच्या एका खोलीत ७२ तास बंद करून ठेवण्यात आले. कोंडलेपणाची सुप्त भीती मनात आहे काय, हे त्यातून तपासायचे होते. सप्टेंबर १९८२ मध्ये दोघांची निवड झाली : स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा आणि विंग कमांडर रवीश मल्होत्रा. दोघेही चाचणी वैमानिक. दोघेही मॉस्कोजवळच्या ‘तारानगरी’त गेले, रशियन भाषा शिकले आणि सारखेच प्रशिक्षण घेऊन तयार झाले. प्रत्यक्ष उड्डाणासाठी शर्मांचे नाव ठरले आणि मल्होत्रा राखीव राहिले. राखीव अंतराळवीराला शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण तयार राहावे लागते आणि आपली गरज पडू नये, अशीच इच्छा करावी लागते. मल्होत्रांना पुढे कीर्तिचक्र देण्यात आले. अंतराळात जाण्याची संधी मात्र आली नाही.

शर्मांच्या दोन सोव्हिएत सहकाऱ्यांविषयी थोडे सांगायला हवे. यानाचे नायक युरी मालिशेव यांनी १९८० मध्ये ‘सोयूझ टी’ या नव्या बनावटीच्या यानाचे पहिले समानव उड्डाण केले होते. अभियंता गेन्नादी स्त्रेकालोव हे या मोहिमेत उशिरा आले. निकोलाय रुकाविश्निकोव यांची प्रकृती बिघडल्याने त्यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. या स्त्रेकालोव यांनी अवघ्या सहा महिन्यांपूर्वी मृत्यू जवळून पाहिला होता. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री उड्डाणाला काही क्षण उरले असताना त्यांच्या अग्निबाणाच्या तळाशी आग लागली. बचावयंत्रणेने माणसांसह यानाचा भाग उपटून दूर भिरकावला. पाठोपाठ अग्निबाणाचा स्फोट झाला. स्त्रेकालोव आणि त्यांचे सहकारी व्लादिमिर तितोव सुमारे चार किलोमीटरांवर पॅराशूटने सुखरूप उतरले. त्याच बनावटीच्या अग्निबाणावर स्त्रेकालोव पुन्हा चढले, तेव्हा त्यांच्या शेजारी शर्मा बसले होते.

३ एप्रिल १९८४ रोजी कझाकस्तानातील बैकनूर येथून ‘सोयूझ टी-११’चे उड्डाण झाले. साधारण नऊ मिनिटांत यान कक्षेत पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी ‘सॅल्यूत ७’ला जोडले गेले. तेथे लिओनिद किझिम, व्लादिमिर सोलोव्योव आणि ओलेग आत्कोव हे तिघे फेब्रुवारीपासून मुक्कामाला होते. त्यांपैकी आत्कोव हृदयरोगतज्ज्ञ होते.

भारहीन अवस्थेत माणसाच्या शरीराची सारी घडी विस्कटते. पृथ्वीवर पायांकडे ओढले जाणारे रक्त आणि इतर द्रव डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजतो, नाक चोंदते. पाठीचे मणके किंचित सुटे होऊन उंची वाढते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा आणि डोळे यांचा मेळ बसेनासा होतो. त्यामुळे अनेकांना पहिले काही दिवस मळमळ होते. योगासनांच्या सरावाने शरीर या बदलाला लवकर सरावते काय, हा भारतीय शास्त्रज्ञांनी पुढे केलेला प्रश्न होता. शर्मांनी उड्डाणापूर्वी योगाभ्यास केला आणि अंतराळातही आसने केली. ज्याला खाली ओढणारे वजनच नाही, त्याने आसनात स्थिर राहायचे कसे, हा प्रश्न तेथे खरोखरच उभा राहिला. पट्ट्यांच्या साहाय्याने शरीर जागेवर ठेवून हा प्रयोग करावा लागला. येथेही चाचणी वैमानिकाची सवय कामी आली. ‘मला बरे वाटते’ हे वाक्य त्या प्रयोगाला पुरेसे नव्हते. कोणत्या स्नायूला, केव्हा, किती ताण जाणवला, हे सांगायचे होते.

भारताच्या भूभागाची छायाचित्रे घेणे हे मोहिमेतील दुसरे महत्त्वाचे काम होते. निरनिराळ्या रंगपट्ट्यांत एकाच वेळी चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याने वने, पाण्याचे साठे, किनारे यांची नोंद झाली. भारताचे स्वतःचे दूरसंवेदन उपग्रह तेव्हा बाल्यावस्थेत होते. ‘आयआरएस-१ए’ हा उपग्रह १९८८ मध्ये गेला. तिसरा प्रयोग चांदी आणि जर्मेनियम यांच्या मिश्रणावर होता. भारहीनतेत द्रव धातू गोठताना त्यांची रचना कशी होते, हे त्यातून पाहायचे होते. जेवणाची भारतीय बाजू म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सांभाळली : शिरा, आलू-छोले, पुलाव. ते पदार्थ सोव्हिएत सहकाऱ्यांबरोबर वाटून खाल्ले गेले.

परतीचा प्रवास मात्र ‘सोयूझ टी-११’मधून झाला नाही. अंतराळात राहिलेले यान हळूहळू जुने होत जाते. म्हणून पाहुण्यांनी जुने यान घेऊन परतायचे आणि ताजे यान स्थानकावरील रहिवाशांसाठी ठेवायचे, अशी तेथील रीत होती. प्रत्येकाच्या देहाच्या मापाने घडवलेले आसनांचे साचे एका यानातून दुसऱ्यात हलवण्यात आले. ११ एप्रिल १९८४ रोजी ‘सोयूझ टी-१०’ घेऊन हे तिघे कझाकस्तानच्या गवताळ मैदानात उतरले. वातावरणात शिरताना स्वतःचेच वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे भासते, खिडकीबाहेर ज्वाळा दिसतात, मग पॅराशूट उघडते, आणि जमिनीपासून साधारण एक मीटरवर असताना लहान अग्निबाण पेटून आघात सौम्य करतात. सौम्य हा शब्द अर्थातच सापेक्ष आहे.

त्यानंतर सत्कार, मिरवणुका, सह्या. सोव्हिएत संघाने शर्मांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब दिला. भारताने शर्मा, मालिशेव आणि स्त्रेकालोव या तिघांनाही अशोकचक्र प्रदान केले. देव भेटला काय, असे लोक त्यांना विचारत. नाही भेटला, असे ते प्रामाणिकपणे सांगत. हा प्रामाणिकपणा कित्येकांना आवडत नसणार.

शर्मा त्या वेळी ३५ वर्षांचे होते. त्या यशाच्या पुण्याईवर त्यांना उरलेले आयुष्य सहज काढता आले असते. ते पुन्हा विमानांकडे वळले. १९८७ मध्ये विंग कमांडर या पदावर असताना त्यांनी हवाई दलातून निवृत्ती घेतली आणि ते हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक म्हणून रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझर येथे होती. ‘मिग’ जातीची विमाने भारतात तयार करण्यासाठी उभारलेला हा कारखाना.

येथील काम वेगळ्या प्रकारचे असते आणि त्याविषयी फारसे लिहिले जात नाही. नव्या बनावटीच्या विमानाचे पहिले उड्डाण वर्तमानपत्रात येते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या शंभराव्या विमानाचे येत नाही. पण तेही विमान पहिल्यांदाच हवेत जायचे असते. हजारो सुटे भाग, मैलोगणती तारा, तेलाच्या आणि इंधनाच्या नळ्या कोणाच्या तरी हातांनी जोडलेल्या असतात. रेखाटन निर्दोष असले तरी जोडणी निर्दोष असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक विमान हवाई दलाच्या ताब्यात देण्यापूर्वी चाचणी वैमानिक ते घेऊन वर जातो, ठरलेल्या यादीप्रमाणे एकेक यंत्रणा तपासतो आणि खाली येऊन दोष लिहून देतो. दोष दुरुस्त झाले की पुन्हा वर. कारखान्याला वेळापत्रक असते, विमाने ठरल्या तारखेला द्यायची असतात. आणि वैमानिकाची सही झाल्याशिवाय विमान दरवाजाबाहेर जात नाही. त्या सहीनंतर ते विमान ज्याच्या हाती पडते, तो बहुधा विशी-पंचविशीतला असतो. सही करणाऱ्याला तो ओळखतही नाही. १९७१ मध्ये शर्मा स्वतः त्याच जागी होते.

१९९२ पर्यंत ते नाशिकला होते. त्यानंतर बेंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मुख्य चाचणी वैमानिक झाले. भारतीय बनावटीचे हलके लढाऊ विमान त्या काळात आकार घेत होते आणि त्याच्या विकसनाशीही त्यांचा संबंध आला. पुढे ‘तेजस’ हे नाव मिळालेल्या या विमानाने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले. ते विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी केले. त्याच वर्षी शर्मांनी चाचणी उड्डाणे थांबवली. मग ते निलगिरीतील कुन्नूरला राहू लागले. लोकांच्या आठवणी कशा धूसर होतात, याचा एक किस्सा त्यांनी सांगितला आहे. एका बाईने त्यांची ओळख आपल्या मुलाला करून देताना, हे काका चंद्रावर जाऊन आले आहेत, असे सांगितले होते.

त्यांच्यानंतर कितीतरी वर्षे भारताचा दुसरा नागरिक अंतराळात गेला नाही. कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स या भारतीय वंशाच्या दोघी गेल्या, त्या अमेरिकेच्या नागरिक म्हणून. त्यांपैकी विल्यम्स यांनी अमेरिकी नौदलाच्या चाचणी वैमानिक शाळेतून शिक्षण घेतले होते. ‘गगनयान’ या भारताच्या स्वतःच्या मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली : प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. ज्या यानातून अजून कोणीच माणूस गेलेला नाही, त्यातून प्रथम जाणाऱ्याला परत आल्यावर बरेच काही सांगावे लागणार, हे निवडकर्त्यांनी ओळखले होते.

त्यांपैकी शुक्ला यांना २५ जून २०२५ रोजी ‘ॲक्सिअम-४’ मोहिमेत आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे जाण्याची संधी मिळाली. ‘ड्रॅगन’ यानाचे वैमानिक म्हणून ते गेले आणि १५ जुलै रोजी परतले. शर्मांच्या उड्डाणाला तेव्हा ४१ वर्षे झाली होती. शुक्ला यांचा जन्म त्या उड्डाणानंतरचा, १९८५ चा. आणि ज्या ‘मिग-२१’वर शर्मा युद्धात लढले, त्या विमानाला भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप दिला.